अक्षरशिल्पी बोदोनी

इटली देशाच्या वायव्य भागात, आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी, सालुत्सो नावाचे एक लहानसे गाव आहे. त्या गावी १७४० सालच्या फेब्रुवारी महिन्यात जाम्बातिस्ता बोदोनी याचा जन्म झाला. त्याचे आजोबा मुद्रक होते आणि वडीलही मुद्रकच होते. घरातच छापखाना असल्यामुळे शाईचा वास, कागदांच्या चळती आणि खिळ्यांनी भरलेले लाकडी खण ही त्याच्या बाळपणाची सोबत झाली. इतर मुले खेळण्यांत रमतात त्या वयात हा मुलगा लाकडाच्या ठोकळ्यांवर वेलबुट्टी आणि चित्रे कोरू लागला. त्याचा हात इतका सफाईदार होता, की वडील आपल्या कामासाठीही ते ठसे वापरीत.

सालुत्सोसारख्या गावात अशा मुलाला शिकवण्याजोगे थोडेच उरले होते. वयाच्या अठराव्या वर्षी, म्हणजे १७५८ साली, त्याने रोम शहराची वाट धरली. खिशात पैसा बेताचाच होता. तेव्हा वाटेत लागणाऱ्या गावांतील मुद्रकांना स्वतः कोरलेले ठसे विकीत, त्यावर गुजराण करीत तो रोमला पोचला.

रोम येथे ख्रिस्ती धर्माच्या प्रसारासाठी चालविलेले एक मोठे मुद्रणालय होते. धर्मोपदेशक दूरदूरच्या देशांत जात, आणि त्यांना त्या त्या देशाच्या भाषेतील पुस्तके लागत. म्हणून या मुद्रणालयात अरबी, हिब्रू, आर्मेनियन, कॉप्टिक अशा कितीतरी लिप्यांचे ठसे गोळा केलेले होते. बोदोनीला तेथे जुळाऱ्याचे काम मिळाले. एकेक खिळा उचलून शब्द जुळवायचे, ओळी जुळवायच्या, छपाई झाली की ते सारे सोडवून खिळे पुन्हा आपापल्या खणात टाकायचे, असे हे काम असते. कंटाळवाणे वाटावे असेच ते आहे. बोदोनीचे लक्ष मात्र कोपऱ्यात पडून राहिलेल्या जुन्या पेट्यांकडे गेले. त्यांत पूर्वेकडील लिप्यांचे पोलादी ठसे होते. पूर्वीच्या नामांकित कारागिरांनी ते कोरले होते, पण आता ते गंजले होते आणि एकमेकांत मिसळून गेले होते. ते साफ करून लावण्याचे काम बोदोनीकडे आले. ज्या अक्षराची ओळख नाही ते कोणत्या खणात टाकणार? म्हणून तो त्या भाषांच्या अध्यापनाला जाऊन बसू लागला आणि त्या त्या लिप्या शिकला. पुढे त्याने एक कॉप्टिक व अरबी धर्मग्रंथ आणि तिबेटी लिपीची ओळख करून देणारे एक पुस्तक अशी दोन अवघड पुस्तके छापण्यास मदत केली. त्याचे काम वरिष्ठांना इतके पसंत पडले, की पुस्तकांत आपले नाव व गावाचे नाव छापण्याची त्याला परवानगी मिळाली. बाविशीतल्या एका कामगाराच्या दृष्टीने हा केवढा मोठा मान होता!

या मुद्रणालयाशी आपल्या मराठी भाषेचेही एक नाते आहे. बोदोनी तेथून निघून गेल्यानंतर काही वर्षांनी, १७७१ साली, त्याच मुद्रणालयात देवनागरी लिपीची ओळख करून देणारे एक पुस्तक निघाले, आणि १७७८ साली मराठीचे एक व्याकरण पोर्तुगीज भाषेत छापले गेले. ज्या ठिकाणी परक्या लिप्यांचे ठसे एवढ्या निगुतीने राखले जात होते, तेथे हे घडले यात नवल नाही.

त्या सुमारास इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरातील जॉन बास्करव्हिल या मुद्रकाचे नाव युरोपभर गाजत होते. बास्करव्हिल हा पूर्वी सुलेखन शिकवीत असे. त्याने अक्षरांच्या जाड रेघा व बारीक रेघा यांतील भेद वाढविला, गुळगुळीत कागद वापरला आणि शाई अधिक काळी केली. १७५७ साली त्याने छापलेला व्हर्जिल या लॅटिन कवीचा ग्रंथ पाहून अनेक जण थक्क झाले. अशी अक्षरे डोळ्यांना त्रास देतात, असे म्हणणारेही काही निघाले! बास्करव्हिलच्या देशात जाऊन ही कला पाहावी, असा ध्यास बोदोनीने घेतला. १७६६ साली त्याने रोम सोडले. जाण्यापूर्वी आईवडिलांना भेटावे म्हणून तो सालुत्सोला आला आणि तेथे तापाने आजारी पडला. दुखणे लांबले. इंग्लंडचा प्रवास राहिला तो कायमचाच राहिला.

परंतु त्या दुखण्यानेच त्याचे भाग्य उजळले, असे म्हणावे लागते. उत्तर इटलीत पार्मा नावाचे एक छोटे संस्थान होते. तेथील ड्यूक फेर्दिनांदो हा अवघा सतरा वर्षांचा होता. आपल्या राजधानीत ग्रंथालय, विद्यालये व उत्तम छापखाना असावा, असे त्याच्या दरबारातील जाणत्या मंडळींना वाटत होते. ग्रंथालयाचा प्रमुख पाचाउदी याने बोदोनीचे काम रोममध्ये पाहिले होते. त्याने बोदोनीचे नाव सुचविले, आणि १७६८ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, बोदोनी पार्म्याच्या राजमुद्रणालयाचा प्रमुख झाला. पुढची पंचेचाळीस वर्षे त्याने याच गावी काढली.

आरंभी त्याच्याजवळ स्वतःचे खिळे नव्हते. पॅरिसमधील फूर्निये या नामांकित ओतकाऱ्याकडून ते मागवावे लागले. बोदोनीने त्यांचा बारकाईने अभ्यास केला आणि त्यांच्या धर्तीवर आपले खिळे पाडण्यास सुरुवात केली. १७७१ साली त्याने आपल्या अक्षरांचा व वेलबुट्ट्यांचा पहिला नमुनाग्रंथ प्रसिद्ध केला. तो पाहिला तर फूर्नियेची छाप पानोपानी दिसते. बोदोनीने तसे स्वतःच मान्य केले होते.

खिळा कसा तयार होतो, हे येथे समजून घेतले पाहिजे, म्हणजे बोदोनीने पुढे जे केले त्याचे मोल कळेल. प्रथम पोलादाच्या एका बोटभर कांडीच्या टोकावर अक्षर कोरतात. ते उलटे कोरावे लागते, आरशात दिसते तसे. कोरताना कारागीर ती कांडी मेणबत्तीच्या ज्योतीवर धरतो. टोकावर काजळी जमली की कागदावर ठसा उठवून पाहतो, चूक दिसली की पुन्हा कानस चालवतो. मनासारखे अक्षर साधले की पोलाद तापवून, पाणी देऊन कठीण करतात. मग तो ठसा हातोड्याने तांब्याच्या तुकड्यात ठोकतात. तांब्यात अक्षराची खोलगट प्रतिमा उमटते. तिला मातृका म्हणतात. ही मातृका साच्यात बसवून तीत वितळलेले शिसे, कथील व अँटिमनी यांचे मिश्रण ओतले की खिळा तयार होतो. एका मातृकेतून हजारो खिळे निघू शकतात. पण मूळ ठसा कोरताना केसभर चूक राहिली, तर ती त्या हजारोंत उतरते! एका लिपीची मोठी अक्षरे, लहान अक्षरे, अंक, विरामचिन्हे, आणि हे सारे निरनिराळ्या आकारांत हवे, म्हणजे किती ठसे कोरावे लागत असतील याची कल्पना करावी.

बोदोनीने या कामात आपले आयुष्य ओतले. हळूहळू फूर्नियेची छाप पुसट होत गेली आणि एक निराळेच अक्षर आकारास आले. बोरूने लिहिताना एक रेघ जाड व दुसरी बारीक उमटते, हे आपण जाणतोच. रोमन लिपीतही टाकामुळे असा भेद पूर्वीपासून होता, पण तो सौम्य होता. जाड रेघ हळूहळू निमुळती होत बारीक रेघेत मिसळून जाई. बोदोनीने तो भेद अगदी टोकाला नेला. उभी रेघ खांबासारखी भरदार, आणि तिला जोडणारी रेघ केसासारखी बारीक. अक्षराच्या माथ्याशी व पायाशी जी आडवी टोके असतात, ती पूर्वी खांबाला किंचित वळण घेऊन मिळत. बोदोनीने ते वळण काढून टाकले. खांबाच्या खाली जणू एक सरळ तार ठेवलेली आहे, असे ते टोक दिसू लागले. गोलाकार अक्षरांचा तिरपेपणा गेला आणि ती ताठ उभी राहिली. हाताने लिहिलेल्या अक्षराची आठवण पुसून, पोलादात कोरलेल्या अक्षराचे असे स्वतंत्र रूप त्याने उभे केले.

इतकी बारीक रेघ कागदावर उमटावी कशी? पूर्वीच्या खरबरीत कागदावर ती तुटली असती किंवा शाई पसरून जाड झाली असती. म्हणून बोदोनीने कागद गुळगुळीत निवडला, शाई काळीभोर व चमकदार केली आणि छपाईवर स्वतः नजर ठेवली. एवढ्यावर तो थांबला नाही. पानावर तो फार थोडा मजकूर घेई. ओळींमध्ये मोकळी जागा, भोवती ऐसपैस समास आणि शीर्षकाच्या पानावर मोजके चार शब्द, अशी त्याची रचना असे. तरुणपणी ज्या वेलबुट्ट्यांवर त्याचे एवढे प्रेम होते, त्या त्याने पुढे जवळजवळ सोडूनच दिल्या. कोरी जागा हीच त्याची नक्षी झाली.

त्याच्या चिकाटीविषयी एक गोष्ट सांगितली जाते. एक पाहुणा त्याचा छापखाना पाहावयास आला. बोदोनीने त्याच्यापुढे फ्रेंच ग्रंथकारांची आपण छापलेली पुस्तके ठेवली आणि त्यांतले सर्वांत सुंदर कोणते, असे विचारले. पाहुण्याला सगळी सारखीच सुंदर वाटली. तेव्हा बोदोनीने काहीशा खेदाने बोआलो या कवीच्या ग्रंथाचे शीर्षकपान पुढे केले. त्या पानावरील दोन-तीन ओळींची मांडणी साधण्यासाठी आपण सहा महिने खर्ची घातले, असे त्याने सांगितले. पाहुण्याला हे वेड वाटले. पण ही गोष्ट तो विसरला नाही.

अमेरिकेतील बेंजामिन फ्रँकलिन हा स्वतः मुद्रकाचा धंदा करून मोठा झालेला पुरुष. त्याने १७८७ साली पत्र पाठवून बोदोनीच्या अक्षरांची वाखाणणी केली. स्पेनच्या राजाने त्याला मानाची पदवी दिली. युरोपातील सरदार व प्रवासी इटलीत आले म्हणजे पार्म्याला थांबून बोदोनीची भेट घेत. १७८८ साली त्याने शंभर आकार-प्रकारांच्या रोमन अक्षरांचा नमुनाग्रंथ काढला. त्यात नमुन्यादाखल इटलीतील नगरांची छोटी छोटी वर्णने छापलेली आहेत. पुढे रोमला येऊन राहावे, असा आग्रह त्याला झाला. हा माणूस हातचा जाईल, या भीतीने ड्यूकने १७९१ साली त्याला स्वतःचा खाजगी छापखाना चालविण्याची मुभा दिली. त्याच वर्षी, एक्कावन्नाव्या वर्षी, त्याने मार्गेरिता दाल्लाल्यो या पार्म्याच्या तरुणीशी विवाह केला. हा विवाह त्याच्या कार्याच्या दृष्टीने किती मोलाचा ठरला, ते पुढे दिसेलच.

खाजगी छापखान्यातून होरेस व व्हर्जिल या लॅटिन कवींचे भव्य ग्रंथ बाहेर पडले. इंग्लंडमधील पुस्तकविक्रेत्यांसाठी त्याने इंग्रजी काव्येही छापली. पण याच काळात त्याच्यावर टीकेचा आघातही झाला. पॅरिस येथे दिदो हे मुद्रकांचे एक नामांकित घराणे होते. तशाच जाड-बारीक रेघांची अक्षरे त्यांनीही घडविली होती, आणि या दोघांत पहिला कोण, हा वाद जाणकारांत अजून चालतो. दिदोंनी बोदोनीच्या १७९३ सालच्या व्हर्जिलमधील मुद्रणदोष दाखवून दिले. पान देखणे आहे, पण मजकूर शुद्ध नाही, असा त्यांचा आक्षेप होता.

हा आक्षेप निव्वळ मत्सराचा नव्हता. बोदोनीच्या काही पुस्तकांत चुका राहिल्या आहेत, हे खरेच आहे. पुस्तक शेवटी वाचण्यासाठी असते. ते कितीही रूपवान असले तरी शब्द चुकला तर कवीवर अन्याय होतो. शिवाय त्याचे ग्रंथ आकाराने इतके मोठे व किमतीने इतके भारी असत, की गरीब विद्यार्थ्याच्या हाती ते पडणे शक्यच नव्हते. ते राजेरजवाड्यांच्या दालनांत शोभत. हे सारे मान्य करूनही असे म्हणावे लागते, की अक्षराकडे इतक्या तन्मयतेने पाहणारा माणूस क्वचितच जन्मास येतो.

या आयुष्याच्या उत्तरार्धात युरोपचा नकाशा भराभर बदलत होता. फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली, नेपोलियनच्या फौजा इटलीत उतरल्या. १८०२ साली ड्यूक फेर्दिनांदो वारला आणि पार्मा फ्रेंचांच्या ताब्यात गेले. बोदोनीचा छापखाना मात्र चालूच राहिला. १८०५ साली पोप सातवा पायस पार्म्यावरून गेला. पॅरिसमध्ये एक ख्रिस्ती प्रार्थना दीडशे भाषांत छापून निघाली होती. तिची गोष्ट निघाली, आणि बोदोनीने त्याहून सरस पुस्तक काढण्याचे मनावर घेतले. पुढच्याच वर्षी, १८०६ साली, ती प्रार्थना १५५ भाषांत त्याने छापून दाखविली. रोममध्ये तरुणपणी गंजलेले ठसे घासताना मिळविलेले ज्ञान साठी उलटल्यावर असे फळास आले. १८०८ साली होमरचे इलियड हे महाकाव्य त्याने मूळ ग्रीक भाषेत तीन खंडांत छापले आणि नेपोलियनला अर्पण केले. त्याच्या ग्रीक अक्षरांसाठी त्याने कित्येक वर्षे कष्ट केले होते. १८१० साली चर्मपत्रावर छापलेली या ग्रंथाची प्रत घेऊन तो मिलान येथे गेला आणि नेपोलियनच्या प्रतिनिधीच्या हाती ती त्याने दिली.

परंतु या सर्व ग्रंथांहून त्याच्या मनाला जवळचा असा एक ग्रंथ अजून पुरा व्हावयाचा होता. आपण आयुष्यभर कोरलेली सर्व अक्षरे एकत्र करून त्यांचा एक परिपूर्ण नमुनाग्रंथ काढावा, ही त्याची मनीषा होती. अक्षराचे सौंदर्य कशात असते, याचा विचार करून त्याने त्याच्या प्रस्तावनेसाठी चार गुण सांगितले: नियमितपणा, नेटकेपणा, सुरुची आणि लावण्य. पण ग्रंथ पुढे सरकेना. त्याला संधिवाताने ग्रासले होते, ऐकूही कमी येऊ लागले होते. आणि अडथळा त्याच्या स्वभावाचाही होता. एखादा नमुना तयार झाला की त्याला त्यात उणे दिसे, आणि तो पुन्हा कोरावयास घेई. असे करता करता १८१३ सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस, ग्रंथ अपुरा असतानाच, बोदोनीने देह ठेवला.

आता त्या पोलादी ठशांचे काय होणार, हा प्रश्न होता. हजारो ठसे, हजारो मातृका, अर्धवट पाने, आणि हे सारे ज्याच्या डोक्यात एकत्र होते तो माणूस गेलेला. मार्गेरिताने ठसे विकून टाकले असते, तर कोणी तिला दोष दिला नसता. तिने तसे केले नाही. छापखान्यातील प्रमुख कारागीर लुइजी ओर्सी याला हाताशी धरून तिने काम पुढे चालविले. पाच वर्षांनी, १८१८ साली, 'मुद्रणकलेची पुस्तिका' असा नम्र अर्थ असलेल्या नावाचा तो ग्रंथ दोन मोठ्या खंडांत प्रसिद्ध झाला. सहाशेहून अधिक पाने, आणि प्रती तीनशेहूनही कमी! त्यात रोमन अक्षरांचे व त्यांच्या तिरप्या जोडीदारांचे १४२ संच आहेत. शिवाय ग्रीक, हिब्रू, रशियन, अरबी, आर्मेनियन, कॉप्टिक, तिबेटी अशा लिप्या, वेलबुट्ट्या, चौकटी आणि चिन्हे आहेत. सर्वांत लहान अक्षराला पार्म्याचे नाव दिले आहे, तर सर्वांत मोठ्याला पोपचे. काही संचांत एकापेक्षा दुसऱ्यात इतका सूक्ष्म फरक आहे, की सामान्य डोळ्याला तो दिसतही नाही. ग्रंथाच्या आरंभी मार्गेरिताने आपल्या पतीचे हे काम आपण का पुरे केले, ते लिहिले आहे.

मार्गेरिता गेल्यावर १८४० नंतरच्या काळात ते सारे ठसे पार्म्याची डचेस मारी लुईज हिच्या सरकारने विकत घेतले. ही मारी लुईज म्हणजे नेपोलियनची दुसरी पत्नी. ज्याला इलियड अर्पण झाले होते, त्याच्याच पत्नीमुळे ते ठसे गावात राहिले, हा योगायोगच म्हणावा.

पुढच्या काळात बोदोनीची अक्षरे जगभर पसरली, पण ती टीकेवाचून नव्हे. १८९१ साली इंग्लंडमध्ये हातछपाईचा छापखाना काढणारा विल्यम मॉरिस याला ती अक्षरे मुळीच आवडत नसत. जुन्या हस्तलिखितांतील गोलाई व ऊब त्यांत नाही, अशी त्याची तक्रार होती. उलट अमेरिकेत मॉरिस फुलर बेंटन याने १९१० च्या सुमारास त्याच धर्तीचे नवे खिळे काढले आणि ते जाहिरातींत व मासिकांत खूप चालले. त्याने बारीक रेघा किंचित जाड केल्या, कारण रोजच्या जलद छपाईत मूळच्या रेघा टिकल्या नसत्या. आज संगणकावरही बोदोनीच्या नावाची अक्षरे मिळतात. मोठ्या मथळ्यांत ती डौलदार दिसतात. अगदी लहान आकारात मात्र बारीक रेघा पुसट होतात आणि नुसते खांबच डोळ्यांपुढे नाचू लागतात. बास्करव्हिलच्या टीकाकारांची तक्रार अशी आजही अधूनमधून ऐकू येते.

१९२२ साली जर्मनीचा हान्स मार्डरश्टाइग याने स्वित्झर्लंडमध्ये एक लहानसा हातछापखाना उघडला आणि त्याला बोदोनीचे नाव दिले. इटलीच्या सरकारने त्याला बोदोनीच्या मूळ मातृकांतून खिळे ओतण्याची परवानगी दिली. बोदोनीच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी त्या तांब्याच्या तुकड्यांत पुन्हा वितळलेला धातू पडला आणि अक्षरे जशीच्या तशी बाहेर आली. १९६३ साली, बोदोनीच्या दीडशेव्या स्मृतिवर्षी, पार्म्याच्या पिलोता नावाच्या जुन्या राजवाड्यात त्याच्या नावाचे संग्रहालय उघडण्यात आले. त्याने व त्याच्या माणसांनी हाताने कोरलेले पंचवीस हजारांहून अधिक पोलादी ठसे तेथे जतन केलेले आहेत. प्रत्येकाच्या टोकावर एकेक उलटे अक्षर आहे.